गोव्यात वारसा नावावर व्हायला किती वेळ लागतो? प्रोबेटच्या मागे धावण्याआधी

घरातले माणूस गेले की तेरावे होते न होते तोच कुणीतरी नातेवाईक विचारतो, "प्रोबेट घातले का? किती दिवस लागतील?" विचारणारा बहुतेक मुंबईचा असतो. मुंबई शहरात मृत्युपत्रावर हायकोर्टाची मोहर घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली, त्यामुळे हा शब्द तिकडच्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. गोव्यात तो प्रश्न बहुधा लागू होत नाही. इथल्या माणसाचे मृत्युपत्र असले तरी त्यासाठी प्रोबेट घ्यावे लागत नाही आणि मृत्युपत्र नसले तर प्रोबेटचा विषयच नाही.

इथला वारसा आधी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने चालायचा. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी ती संहिता राहिली. तिचा वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. 'वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी' असा त्याचा विषय. विधानसभेत तो २०१२ चा, अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात. या कायद्यात मार्ग दोनच: सक्सेशन डीड (वारस कोण ते नोटरीसमोर जाहीर करणारा दस्त), नाहीतर इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वाटणी). वेळ किती लागेल हे आधी यावर ठरते, आणि त्याहून जास्त तुमच्या घरच्या कागदांवर.

आधी हिस्सा कसा मोडतो ते पाहा

हे न समजल्यामुळे अर्धी भांडणे होतात. गोव्यात लग्न करताना वेगळा विवाहपूर्व करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा जिवंतपणीच ठरलेला असतो. त्यामुळे वडील गेले म्हणजे सगळे घर वारशात आले असे होत नाही. अर्धे आईचे स्वतःचेच असते. ते तिला वारस म्हणून मिळत नाही, ती मूळचीच धनी असते. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची, आणि त्यात मुलगा-मुलगी समान.

समजा, सगळे मिळून १ कोटी २० लाखांचे आहे. आईचे ६० लाख बाजूला ठेवा. तीन मुलांना उरलेल्या ६० लाखांतून प्रत्येकी २० लाख. वडिलांनी मृत्युपत्र केले असेल तर त्यांना मन मानेल तसे द्यायला फक्त स्वतःच्या हिश्श्याचा अर्धा भाग होता, म्हणजे ३० लाख. बाकीचे ३० लाख मुलांचे राखीव, ते कुणी हिरावू शकत नाही. मन मानेल तसे द्यायचे ३० लाख धाकट्याला लिहून दिले असतील तर धाकट्याला ४० आणि थोरल्या दोघांना १० - १० लाख. "बाबांनी सगळे माझ्या नावावर केले आहे" असे म्हणणाऱ्या भावाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. कोर्टाची पायरी चढण्याआधी बऱ्याच घरांत एवढ्यावर आवाज खाली येतो.

आता गोव्याबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटणारा भाग. समाईक मालमत्तेच्या त्याच नियमाने मुलाच्या वाट्याला आलेल्यात सुनेचा अर्धा वाटा, मुलीच्या वाट्याला आलेल्यात जावयाचा. म्हणून इथल्या प्रत्येक दस्तावर जोडीने सह्या लागतात. तीन भावंडे म्हणजे सहा सह्या आणि आईची सातवी. एखादे लग्न बाहेरच्या राज्यात, तिथल्या कायद्याने झालेले असेल तर त्या जोडप्याला हा नियम लागतो की नाही ते वकिलाकडून आधी तपासून घ्या. शेवटच्या दिवशी निबंधकाच्या टेबलावर हा प्रश्न निघाला तर सगळे पुन्हा घरी.

पहिले काही आठवडे: दाखले

मृत्यूची नोंद पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत करा. ३० दिवस उलटले तर परवानगी घ्यावी लागते, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. इस्पितळात मृत्यू झाला असेल तर नोंद तिकडूनच जाते, तरी नावाचे स्पेलिंग स्वतः जाऊन वाचा. दाखल्याच्या प्रती भरपूर काढून ठेवा. बँक, विमा, मामलेदार, नोटरी, प्रत्येकाला मूळ प्रत हवी असते.

मग आई-वडिलांचा लग्नाचा दाखला, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला. लग्नांची नोंद तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे असते, जुन्या जन्मांचीही. इथे गोवेकराची खरी कसोटी लागते. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत कामत 'कामोतीं' होतो, प्रभू 'पोरोबो', शेणवी 'सिनाय'. आजोबांच्या दाखल्यावर एक, वडिलांच्या आधारवर दुसरे आणि एक-चौदाच्या (गावातल्या जमिनीच्या) उताऱ्यावर तिसरे नाव. ही सगळी नावे एकाच माणसाची असे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागते, फरक मोठा असेल तर नोंदीतच दुरुस्ती. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त दिवस इथेच जातात, आणि लोक दोष मात्र कोर्टाला देतात. म्हणून कागद गोळा करण्याआधी वहीच्या पानावर वंशावळ काढा: प्रत्येकाचे नाव, जोडीदार, जन्म, लग्न, मृत्यू, आणि पुढे कोणता दाखला हातात आहे याची खूण. ज्या चौकटी रिकाम्या राहतील, तेवढे तुमचे काम.

मृत्युपत्र आहे का ते शोधा

मुंबई-पुण्यात साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी मृत्युपत्र होते. गोव्यात केलेल्या मृत्युपत्राला ते पुरत नाही, ते नोटरीसमोर व्हावे लागते. हे काम तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात चालते, तोच अधिकारी विशेष नोटरी. कपाटात सापडलेली चिठ्ठी भावनेने कितीही मोलाची असली तरी तिच्यावर हिशेब बांधू नका. उलट घरात काहीच सापडले नाही तरी मृत्युपत्र नाहीच असे समजू नका. वडील राहत होते तो तालुका, नोकरीला होते तो तालुका, जमीन आहे तो तालुका, सगळीकडे चौकशी करा. मृत्यूचा दाखला दाखवला की तिथल्या पुस्तकातल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत मिळते.

सक्सेशन डीड की इन्व्हेंटरी?

सक्सेशन डीड म्हणजे वारस कोण ते नोटरीसमोर जाहीर करणे. एक जण निवेदन करतो, कुटुंबाला ओळखणारे पण वारस नसलेले साक्षीदार त्याला दुजोरा देतात, दस्त तयार होतो आणि त्याची जाहीर सूचना पेपरात छापून येते. गोव्यातल्या दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत या सूचना रोज दिसतात. दाखले तयार असले आणि कुणी हरकत घेतली नाही तर एक ते तीन महिने धरावेत. त्यातला बराचसा वेळ तारीख मिळण्यात आणि सगळ्यांना एका दिवशी आणण्यात जातो.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या डीडने वारस कोण तेवढे कळते. माड कुणाचे, घराची पडवी कुणाची, हे त्यात येत नाही. सगळे मिळून मालमत्ता विकणार असाल किंवा तशीच एकत्र ठेवणार असाल तर एवढ्यावर भागते. वाटणी करायची आणि सगळे एकमताचे, सज्ञान असतील तर वेगळे वाटणीपत्र नोंदवता येते.

इन्व्हेंटरी कोर्टातून होते. जुनी माणसे इन्व्हेंतार म्हणतात. मन जुळत नसेल तेव्हा ती घालावी लागते. वारसांत कुणी अल्पवयीन असेल, स्वतःचे हित पाहता न येण्यासारख्या स्थितीत असेल किंवा बेपत्ता असेल तर एकमत असूनही घालावीच लागते. क्रम साधारण असा: तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात अर्ज, कुटुंबप्रमुखाची नेमणूक (मागे राहिलेली आई किंवा वडील असतील तर बहुधा तेच), शपथेवर त्यांचे निवेदन, सर्व वारसांना नोटिसा, मग मालमत्तेची यादी. यादीत जमीन, घर, सोने, ठेवी, शेअर सगळे, आणि कर्जेसुद्धा. नंतर मूल्यांकन आणि वारसांची बैठक.

बैठकीत जमले नाही तर लिसिटेशन. वारसांपुरताच लिलाव. बाहेरचा माणूस त्यात येत नाही. जास्त बोली लावणाऱ्याला ती वस्तू मिळते आणि तो इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. वाड्यावर जीव असलेल्याने इथे भावनेपेक्षा बँकेतली शिल्लक बघून बोलावे. बोली लावली आणि पैसे भरता आले नाहीत तर प्रकरण पुन्हा गुंत्यात जाते. शेवटी वाटणीचा तक्ता होतो आणि कोर्ट त्याला मंजुरी देते.

वेळ? कुणी भांडत नसेल, सगळे गोव्यातच असतील तर सहा महिने ते वर्षभराचा अंदाज ठेवा. एकाने जरी यादीवर हरकत घेतली, "ही जमीन बाबांची नव्हतीच, माझ्या पैशाने घेतली" असे सुरू झाले, की वर्षे मोजावी लागतात. त्यासाठी वकिलाला दर तारखेला बोल लावून उपयोग नाही. यादी पहिल्याच वेळी पुरी आणि खरी दिली तर मात्र खूप दिवस वाचतात. लपवलेली एक ठेव नंतर निघाली की सगळे मागे जाते.

परदेशातले भाऊ-बहीण

हे प्रत्येक घरात आहे. कुवेत, दुबई, लंडन, लिस्बन. त्यांनी इथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यायचे. दुबई-कुवेतला ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते, ब्रिटन-पोर्तुगालला वकिलातीत किंवा अपोस्टिलने (तिथल्या सरकारने कागद खरा असल्याचा लावलेला शिक्का). कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. मुखत्यारपत्र जोडीने हवे हेही विसरू नका, भावजयीचेसुद्धा.

"मला काही नको, दादाला द्या" म्हणणारी बहीण असतेच. चांगली गोष्ट, पण कागद जपून करा. हक्क सोडायचा तर तो नोटरीसमोर, पूर्ण आणि बिनशर्त सोडावा लागतो, आणि मग त्याचा फायदा एका दादाला होत नाही, उरलेल्या सगळ्या वारसांना होतो. एकालाच द्यायचे असेल तर तो बक्षीसपत्रासारखा वेगळा व्यवहार होतो, त्याचा खर्चही वेगळा.

बँक आणि शेअर

खात्याला नामनिर्देशन असेल तर हे काम सर्वांत आधी उरकते. पूर्ण कागद मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढण्याचे रिझर्व्ह बँकेचे बँकांना बंधन आहे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नाही. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसांचाच राहतो. शेअरबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

गोव्याबाहेरच्या कंपन्या आणि बँका तरीही प्रोबेट किंवा सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारसदाखला) मागतात. समोरच्या अधिकाऱ्याने गोव्याचा कायदा पाहिलेलाच नसतो. रागावू नका. सक्सेशन डीडची किंवा इन्व्हेंटरीच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडा, आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१९ च्या निकालाचा हवाला द्या. गोव्याचा अधिवास (कायद्याने धरलेले कायमचे घर) असलेल्याची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने जातो, असे त्यात ठरले आहे. मुंबईतल्या खोलीसाठीही हेच लागू. याच्या उलट, मूळचा पुण्याचा माणूस पर्वरीत फ्लॅट घेऊन राहिला असेल तर त्याचा अधिवास कुठला हे आधी ठरवावे लागते. तिथे हा लेख पुरणार नाही.

शेवटी मामलेदार

डीड किंवा निकाल हातात आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल कपाटात ठेवून देतात. जमिनीच्या उताऱ्यावर नाव मात्र तेच जुने राहते. म्युटेशनचा अर्ज वेगळा करावा लागतो: गावात एक-चौदाच्या उताऱ्यासाठी, शहरात फॉर्म डीसाठी (तिथल्या जमिनीचा उतारा), चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर (शहर मोजणीतले जागेचे आणि नकाशाचे क्रमांक) घेऊन. संबंधितांना नोटिसा जातात. हरकत आली तर सुनावणी, नाही तर काही महिन्यांत नाव चढते. अर्ज करण्याआधी उताऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचा. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) तिथे नोंदलेला असेल तर वारसा तुमच्याकडे आल्याने त्याचा हक्क पुसला जात नाही.

आणि उताऱ्यावर अजून आजोबाच असतील, जे गोव्यात सर्रास आढळते, तर वडिलांच्या नुसत्या डीडने काम होणार नाही. आधी आजोबांचे वारस, त्यांत काका, आत्या, त्यांचे जोडीदार, गेलेल्यांची मुले, सगळे जाहीर व्हावे लागतात, मग वडिलांचे. दोन्ही पिढ्या एकाच वेळी हाताळता येतील का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, आणि वंशावळीचे ते पान सोबत न्या. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल यांवरची नावे पंचायतीत आणि वीज खात्यात स्वतंत्र अर्जाने बदलतात. ती बदलली म्हणून मालकी ठरत नाही. पण पत्रव्यवहार मेलेल्या माणसाच्या नावे येत राहिला की थकबाकीच्या नोटिसाही त्याच नावाने येतात, म्हणून तेही त्याच आठवड्यात करून टाका.