गिटारचा अ‍ॅम्प दुकानात पारखताना या चुका टाळा

दुकान मुंबईच्या धोबी तलावचे असो की पणजीचे, अ‍ॅम्प ऐकायला मागितला की हातात बहुधा दुकानातलीच एखादी महागडी गिटार येते आणि निवड तिथेच चुकू लागते. हम्बकर पिकअपवर (पिकअप म्हणजे गिटारमधला तारांची कंपने टिपणारा भाग; हम्बकरमध्ये दोन कॉइल असतात, सिंगल कॉइलमध्ये एक) भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरच्या सिंगल कॉइल गिटारवर किरटा वाटू शकतो, शिवाय सिंगल कॉइलची घरघर दुकानात ऐकूच आलेली नसते. म्हणून स्वतःची गिटार आणि केबल सोबत न्यावी.

गेन (आवाजाला फाटकी धार देणारा नॉब) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) चढवलेला आवाज मोहक असतो, पण अ‍ॅम्पचे दोष त्याखाली झाकले जातात. आधी रिव्हर्ब बंद करून, टोनचे नॉब मध्यावर ठेवून क्लीन, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजाचे, चॅनेल ऐकावे.

सर्वांत महाग पडणारी चूक वॅटच्या आकड्याबाबत होते. १५ वॅटऐवजी ३० वॅट घेतल्यास आवाज दुप्पट होत नाही, कमाल पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या नळ्या) तर जोरात वाजवल्यावरच खुलतात, त्यामुळे फ्लॅटमध्ये ठेवलेल्या १०० वॅटच्या अ‍ॅम्पकडून ती गोडी सहसा मिळतच नाही. आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी ज्या पातळीवर वाजवणार त्याच पातळीवर अ‍ॅम्प ऐकण्याचा आग्रह धरावा, आणि दोन अ‍ॅम्प ताडून पाहताना दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण जरासा मोठा आवाजही अधिक चांगला भासतो.

जमिनीवर ठेवलेला स्पीकर पायांकडे वाजतो, आणि वरच्या पट्टीचा आवाज सरळ रेषेत जात असल्याने उभ्या वादकाला तो बोथट वाटतो. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवावा किंवा स्वतः खाली बसावे.

जुना अ‍ॅम्प असेल तर प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐकावी, जॅक हलवून पाहावा, आणि व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून किणकिणाट आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल. व्हॉल्व्हचा हेड (ज्यात स्वतःचा स्पीकर नसतो असा अ‍ॅम्प) स्पीकर न जोडता वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असू शकतो, तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचून गरज असल्यास योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आणि गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये. गिटारच्या तारा सहसा केबलमार्फत अ‍ॅम्पच्या धातूच्या चॅसिसला (सांगाड्याला) जोडलेल्या असतात, त्यामुळे अर्थिंग नसताना आत बिघाड झाल्यास वीज थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचते.