राडारोड्याच्या खडीचं काँक्रीट: पाणी कधी आणि कसं मारायचं

जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी दिसायला नेहमीसारखीच असते, पण तिला जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. तो पाणी पितो, काळ्या दगडाच्या खडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून या काँक्रीटचं क्युअरिंग, म्हणजे ते पक्कं होईपर्यंत ओलं ठेवणं, काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशीच सुरू करा.

खडी रात्रभर भिजवून सकाळी निथळू द्या. दाणा आतून भिजलेला हवा, वर चकाकणारं पाणी नको. कोरडीच टाकलीत तर ती सिमेंटच्या वाट्याचं पाणी ओढते, माल घट्ट होतो आणि मग कोणीतरी मिक्सरमध्ये बादली ओततंच. ताकद तिथेच जाते.

भिजलेली खडी पुढे आतलं पाणी हळूहळू सोडते आणि सिमेंटला ते मिळत राहतं. एवढ्यावर विसंबून पाणी मारायला टाळाटाळ मात्र नको. ऊन-वारा आधी वरचा थर सुकवतात, आणि हे काँक्रीट सुकताना नेहमीच्यापेक्षा जास्त आकसतं, म्हणजे तडे.

पार्किंग किंवा अंगणाच्या कोब्यावर वाफे करून पाणी साठवणं सर्वांत खात्रीचं. उभ्या भागाला गोणपाट गुंडाळा, पण ते दुपारीही ओलं राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही. पाण्याची टंचाई असेल तर पृष्ठभाग ओला करून प्लास्टिक अंथरा आणि कडांवर वाळू दाबा. या खडीला ही पद्धत मला विशेष पटते, कारण आत साठलेलं पाणी बाहेर निसटत नाही. क्युअरिंग कंपाउंड (ओलावा आत अडवणारा थर देणारं द्रव) फवारायचं तर वरचं पाणी नाहीसं होताच. पुढे त्यावर प्लास्टर किंवा टाइल येणार असेल तर मेणाचं कंपाउंड टाळा. पकड बसत नाही.

दिवस किती? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान 7, कोरड्या-उष्ण हवेत 10. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं; त्याला किमान 10, शक्यतो 14. या खडीसाठी मी 14 च धरेन.

आरसीसीत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, ही खडी सरसकट वापरू नका: आयएस 383 (2016) हे खडी-वाळूचं मानक एम25 या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत एकूण खडीच्या 20 टक्क्यांपर्यंतच मुभा देतं, साध्या काँक्रीटमध्ये 25.

ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) भरताना काही पाण्याच्या टाकीत ठेवा, काही कोब्याशेजारी त्याच गोणपाटाखाली. टाकीतला क्यूब मिश्रण कसं होतं ते सांगतो. तुमच्या पाणी मारण्याचा निकाल शेजारचा क्यूब देतो.