ब्रीफिंग घेताना या चुका टाळा (नवे सरपंच आणि नवे साहेब, तुमच्यासाठी)

निवडून आलेल्या पंचांना आणि बदली होऊन आलेल्या साहेबांना कामांची माहिती द्यायचं काम मी 30 वर्षं केलं, आणि त्याच त्याच चुका बघून जीव विटलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे शेवटी "काय प्रॉब्लेम नाही ना?" असं विचारणं. समोरचा "नाही सर" म्हणणारच. गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावात रस्त्याखालून मोरी बांधली होती. मे संपत आलेला, सरपंच नवीन, जेईने, म्हणजे ज्युनियर इंजिनियरने, सांगितलं 90 टक्के काम झालं, फोटो दाखवले, सरपंचबाबांनी हाच प्रश्न विचारला, "नाही सर" आलं, चहा आला, मीटिंग संपली. मी त्याच खोलीत होतो आणि गप्प बसलो. राहिलेले 10 टक्के म्हणजे नक्की काय, हे कोणीच विचारलं नाही. ते होतं मोरीच्या तोंडापासून व्हाळापर्यंतचं (ओढ्यापर्यंतचं) गटार, आणि ते जाणार होतं एका भाटातून, म्हणजे खाजगी बागायतीतून, आणि भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, एनओसी आलीच नव्हती. जूनमध्ये पाऊस धरला, आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पडतो, मोरीतून सुसाट आलेलं पाणी भाटाच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) थडकलं आणि मागे फिरून तीन घरांत शिरलं. एका घरात आजी पाय वर घेऊन खाटेवर बसलेली, मांडीवर तांदळाचा डबा, आणि चुलीतली राख खोलीभर तरंगत होती. मला ती खोली अजून दिसते.

म्हणून प्रश्न असा विचारा की "नाही सर" हे उत्तर बसणारच नाही. पाणी पुढे कुठे जातं? काय राहिलंय आणि कोणाच्या सहीसाठी अडकलंय? पहिल्या पावसात आधी काय मोडेल? आणि सगळ्यात ज्युनियर माणसाला आधी बोलू द्या, साहेबांनी मत दिल्यावर तो तोंड उघडत नाही.

दुसरी चूक, वरचं हेडिंग वाचून फाईल मिटणं. आपली कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती ते 1 फेब्रुवारी 2003 ला परत येताना तुटलं, सातही जण गेले. उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच इंजिनियरांनी वरिष्ठांना स्लाइड दाखवल्या होत्या. एका स्लाइडचं हेडिंग धीर देणारं, आणि पार तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं की तुकडा 1920 घन इंचाचा आणि चाचण्या झाल्या त्या 3 घन इंचाच्या. 640 पट फरक! मी तेव्हापासून टिपणी खालून वर वाचतो, आकड्यांखाली पेन्सिल ओढतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. ग्रामसभेच्या आदल्या रात्री ब्रीफिंग घेऊ नका. समजलं नाही तर मान डोलवू नका. "दोन मिनिटांत सांगा" म्हणणाऱ्याला दोन मिनिटांचंच कळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर समरी मागणाऱ्या नव्या पंचांचा तर मला खरंच राग येतो, लोकांनी मत काय त्यासाठी दिलं?

माझी सवय सांगतो. ऐकून झालं की वही मिटायची आणि सगळं आपल्या शब्दांत जेईला परत सांगायचं, तो कुठेतरी "तसं नाही सर" म्हणतोच, ती जागा लिहून घ्यायची. मग दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन साईटवर जायचं, व्हाळाच्या खालच्या टोकापासून वर चालत यायचं, पाऊस लागायच्या आधी.