पाटीवरचा नंबर नेमका कुणाचा?

आमच्या सातारा भागात दुसऱ्या महायुद्धातले फौजी फोटो घरोघरी आहेत. कुणी असा फोटो दाखवायला आणला, की मी चेहऱ्याआधी फोटोची मागची बाजू बघतो. फ्रेमचे खिळे अलगद काढा, पण फोटो पुठ्ठ्याला चिकटला असेल तर ओढू नका. मागची पुसट पेन्सिल मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आडवा टाकला की वाचता येते.

मग ठरवायचं, फोटो काढला कुणी? मागे रंगवलेला पडदा असेल तर ती रजेवर आलेल्या जवानाची हौस. छातीशी नंबरची पाटी असेल तर मात्र थांबा. घरचे तो पलटणीचा नंबर समजतात, पण तो शत्रूच्या दप्तरातलाही असू शकतो. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक शत्रूच्या हाती पडलं आणि २/५ मराठा कैदेत गेली. (२/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन. ती तारीख समजून लोक घोळ घालतात.) जर्मन छावण्यांत कैद्याच्या कार्डावर असा पाटीवाला फोटो लावत. ‘श्टालाग’ (जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी) आणि रोमन आकडा दिसला, तर आकडा जर्मनीतल्या लष्करी विभागाचा, पुढचं अक्षर छावणीचं, बाकी नंबर कैद्याचा. तो नंबर घेऊन बेळगावला, मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, पत्र पाठवून काही हाती लागत नाही. त्यासाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसचं अभिलेखागार गाठायचं. अर्ज ऑनलाइन असतो, पण ठरावीक वेळीच घेतात.

सोबतच्या कागदावर ‘वॉर डिपार्टमेंट’ आणि दिल्लीचा पत्ता असेल तर काळ कळतो. जुलै १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या डिफेन्स डिपार्टमेंटची फोड झाली, फौज सरसेनापतींच्या वॉर डिपार्टमेंटकडे राहिली, आणि १९४६ मध्ये ते नाव गेलं. नुसता बाण आणि ‘डब्ल्यूडी’ अक्षरं असतील तर त्यावरून काही ठरवू नका. ब्रिटिश लष्करी मालावर तो शिक्का फार आधीपासून मारत.

लष्करी नंबर कुठेच नसेल तर ट्रंकेतली पदकं काढा. ब्रिटिश सैनिकांना युद्धाचे स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) कोरे, म्हणजे नाव न घातलेले मिळाले. आपल्या जवानांच्या स्टारमागे सहसा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. चिंच लावून घासू नका, अक्षरं जातील.

नंबर मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं: मराठा बेळगाव, बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनिअर) खडकी, महार सागर, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर. पत्रात वडिलांचं नाव, गाव, तालुका हवाच. वाळवा-तासगावकरांनी जिल्हा सातारा लिहावा, कारण १९४९ पर्यंत ते साताऱ्यातच होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडलं तर बरं.

जवान परतलाच नसेल तर युद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. तिथे आडनावांची स्पेलिंगं कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी आहेत. म्हणून नंबर टाकूनच शोधा, आणि नोंदीत बापाचं नाव नि गाव दिलेलं असेल तर तेही जुळवून बघा.