पावसाआधी कर्मचाऱ्यांना फ्लूची लस

कोकणात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच लसीकरण उरका. यादी करताना डॉक्टर-नर्सवर थांबू नका. मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, सगळे घ्या. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो. खाटेवरच्या म्हाताऱ्या किंवा गरोदर रुग्णाच्या तो संसर्ग जिवावर बेतू शकतो.

लस 2 ते 8 अंशांत ठेवा. वळवाच्या पावसात वीज गेली की फ्रिज उघडूच नका, तापमान नोंदवा. खरा घात होतो तो गोठल्याने: कुपी थेट बर्फाला टेकली की लस वाया. आइसपॅक आधी बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळले की मगच लस न्यायच्या पेटीत भरा.

मोठ्यांना 0.5 मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. नंतर 15 मिनिटे बसवून ठेवा, तीव्र अ‍ॅलर्जी आली तर द्यायचे अ‍ॅड्रेनालिन हाताशी हवेच. ताप असेल तर उतरल्यावर द्या.

‘लशीनेच फ्लू होतो’ असे कोणी म्हणेल. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, बहुतेकांना एवढेच.

रात्रपाळीवाले हमखास सुटतात. त्यांच्यासाठी पाळी बदलताना, सकाळी वॉर्डातच लस न्या.