अण्णा खरंच 1971 च्या लढाईत होते का? माझा अनुभव

"बांगलादेशची लढाई लढलोय," असं माझे वडील, अण्णा, सांगायचे. ते गेल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली, "कसली लढाई, डेपोतच होते." मला ते फार लागलं.

ट्रंकेत पदकं होती. मऊ फडक्याने पुसून भिंगातून कडा पाहिली. सरकारी पदकाच्या कडेवर सहसा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. क्रमांक डिस्चार्ज बुकाशी (फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तिकेशी) तंतोतंत जुळला. हे बघाच, कारण पदकं जुन्या बाजारातही विकत मिळतात. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज नीट लिहून घेतला. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आईचं ओळखपत्र जोडून तो बेळगावला, अण्णांच्या रेजिमेंटच्या म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. अर्ज आईच्या सहीने केला, फॅमिली पेन्शन तिच्याच नावावर आहे.

उत्तर आलं: संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार. पूर्व आघाडीचा ‘पूर्वी स्टार’ मात्र नाही. म्हणजे अण्णा डिसेंबर 1971 मध्ये युद्धक्षेत्रात होतेच, फक्त ढाक्याच्या बाजूला नव्हे, पश्चिम आघाडीवर. आपल्याकडे ते अख्खं युद्धच बांगलादेशच्या नावाने ओळखतात, अण्णाही तसंच म्हणत असणार. पत्राची झेरॉक्स भावकीत सगळ्यांना दिली.