ऑलिव्हचा चोथा अन्नात वापरताना या चुका टाळा

स्पेनमधील हाएन प्रांतासारख्या ऑलिव्हच्या पट्ट्यात १९९० च्या दशकात दोन-फेज डिकँटर (वाटलेल्या फळाचा लगदा वेगाने फिरवून तेल आणि ओला चोथा असे दोनच भाग वेगळे करणारे यंत्र) रूढ झाले आणि तेलघाण्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न बराच हलका झाला. मात्र तेच पाणी चोथ्यात राहू लागले. ‘अल्पेरुखो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लगद्यात सुमारे ६० ते ७० टक्के पाणी, थोडे तेल, साल, गर आणि आठळ्यांचे तुकडे असतात. फळातील पॉलिफेनॉलचा (ऑक्सिडेशन रोखणाऱ्या वनस्पतिजन्य संयुगांचा) फार मोठा भाग तेलात न उतरता येथेच राहतो, म्हणून त्यापासून तंतुमय पीठ किंवा अर्क करणे खरोखर मोलाचे आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चोथा टाकीत साठवून सवडीने सुकवणे. आपल्याकडची शेंगदाण्याची पेंड कोरडी असल्याने काही काळ टिकते. अल्पेरुखोत पाणी, साखर आणि तेल एकत्र असल्याने तो लगेच आंबू लागतो, तेल खवट होते आणि फळातीलच विकरे हवेच्या संपर्कात पॉलिफेनॉलचे ऑक्सिडेशन घडवतात. पिठाला आंबूस वास येत असेल किंवा ते अपेक्षेपेक्षा काळपट दिसत असेल, तर सुकवणयंत्राला दोष देण्याआधी डिकँटर ते सुकवणी यांमध्ये किती तास गेले ते तपासावे. हा दोष पुढे कोणत्याही प्रक्रियेने पूर्ण भरून निघत नाही. चोथा त्याच दिवशी सुकवावा. ते शक्य नसेल, तर गोठवून ठेवावा.

घाई म्हणून भट्टीचा गरम धूर थेट चोथ्यावर सोडणे हीही गंभीर चूक आहे. २००१ च्या जुलैमध्ये स्पेनने चोथ्यापासून काढलेल्या तेलाची विक्री थांबवली, कारण त्यात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक संयुग आढळले होते आणि त्याचे मूळ प्रामुख्याने अशा अतितप्त सुकवणीत होते. अन्नासाठीचा चोथा पातळ थरात, स्वच्छ आणि मध्यम गरम हवेवर, धुराशी संपर्क न येऊ देता सुकवावा. थर जाड ठेवला, तर वरून कोरडा दिसणारा माल आतून ओला राहतो आणि त्याला बुरशी लागते.

पीठ दाताखाली कचकचत असेल, तर आठळ्या नीट निघालेल्या नाहीत. सुकवल्यानंतर दळून त्या लपवण्यापेक्षा ओल्या लगद्यातूनच वेगळ्या काढाव्यात. त्या इंधन म्हणून विकल्या जातात, त्यामुळे हे काम वाया जात नाही.

पाव दडस आणि कडवट होत असेल, तर प्रमाण जास्त आहे. हे तंतू पाणी शोषतात आणि ग्लुटेनची (मैद्यातील चिकट प्रथिनाची) जाळी तोडतात, म्हणून मैद्याच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करून पाणी थोडे वाढवावे. केक गडद तपकिरी झाला, तर खाण्याचा सोडा पाहावा: अल्कधर्मी मिश्रणात ही पॉलिफेनॉल्स काळवंडतात.

वेष्टनावरील दाव्याबाबतही काळजी हवी. युरोपीय संघाने २०१२ मध्ये मान्य केलेला पॉलिफेनॉलविषयीचा आरोग्यविषयक दावा, ज्याची अट २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल (ऑलिव्हमधील एक पॉलिफेनॉल) व त्याची संयुगे अशी आहे, हा ऑलिव्ह तेलापुरता आहे. तो चोथ्याच्या पिठावर छापणे नियमबाह्य ठरते, आणि पिठाचे आपले मोजमाप प्रयोगशाळेतून करून घेतल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नये.